झेरॉक्सबाईंचे चाळीस टक्के

सातवी ‘ब’ला गणित शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे झेरॉक्सबाई म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. एक तर नाव खरंच होतं. शिक्षिका होण्याआधी त्या नऊ वर्षं एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होत्या. दुसरं म्हणजे, शाळेत मास्तरांना जी नावं पडतात त्यांत हे फारच सभ्य होतं. विज्ञानाच्या सरांना मुलं काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. दोन यंत्रं, एक कुरकुरणारा पंखा आणि मालक. मालकांना कामापेक्षा सूचना करायची आवड जास्त होती. बाई तिथे लागल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. पहिल्याच महिन्यात एक इंजिनिअर घराचे चाळीस नकाशे घेऊन आले. साध्या कागदावरचे नकाशे त्यांना दुप्पट कागदावर मोठे करून हवे होते. त्यासाठी यंत्रावर एकशे एक्केचाळीस हा आकडा दाबायचा असतो, म्हणजे चित्राची लांबी आणि रुंदी दोन्ही एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतात आणि कागद दुप्पट भरतो. एवढं मालकांनी शिकवलं होतं. काम नीट झालं. दोन दिवसांनी तेच इंजिनिअर परत आले, मूळ नकाशे हरवले होते, मोठ्यांवरून पुन्हा लहान करून हवे होते. मालक जेवायला गेले होते. बाईंनी सरळ हिशेब केला: एक्केचाळीस वाढवले होते, एक्केचाळीस कमी करू. शंभरातून एक्केचाळीस गेले, उरले एकोणसाठ. आकडा दाबला आणि चाळीसच्या चाळीस नकाशे काढून मोकळ्या झाल्या. नकाशे असे चिमुकले निघाले की त्या घरात माणसांनी वाकूनच राहावं.

मालकांनी परत आल्यावर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा उद्धार केला. लहान करताना एकाहत्तर दाबायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकाहत्तरच का, असं बाईंनी विचारलं तेव्हा मालक म्हणाले की तसं यंत्रावर लिहिलंय. यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, ‘‘बटण तिथेच आहे ना, म्हणून.’’ पुढे बाईंनी याच माणसाशी लग्न केलं, पण या उत्तरासाठी त्याला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

वाया गेलेल्या नकाशाच्या पाठीवर बाईंनी दुपारी दहा सेंटिमीटरची रेघ ओढली. एक्केचाळीस टक्के वाढवून ती चौदा पूर्णांक एक झाली. आता हिच्यातून एक्केचाळीस टक्के काढायचे, पण हिच्यातून म्हणजे चौदातून, दहातून नव्हे. मोठ्या रेघेतून काढलेला वाटाही मोठाच निघणार, आणि खाली उरणार आठ पूर्णांक तीन. बाईंनी पट्टी लावून तीनदा मोजलं. वाढवताना शंभर कोणाला म्हटलं होतं आणि कमी करताना कोणाला म्हणतोय, सगळा खेळ एवढाच होता. मागे यायला एकोणतीसच टक्के पुरतात. शंभरातून एकोणतीस गेले की एकाहत्तर. शाळेत ज्या विषयाने त्यांना दहा वर्षं रडवलं होतं, तो विषय एवढा साधा आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, याचा त्यांना आधी राग आला आणि मग हसू आलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला वाटलं बाईंचं डोकं फिरलं.

तिथून पुढची कथा लांब आहे, पण सांगायला थोडकी. काउंटरवर उभ्या-उभ्या त्यांनी बाहेरून गणिताची पदवी घेतली, मग दोन वर्षं शिक्षणशास्त्राची. सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं आणि मग घर सांभाळलं. नवऱ्याने पुस्तकं आणली आणि कुठल्याही प्रकरणाबद्दल मत दिलं नाही, जे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच होतं. सदतिसाव्या वर्षी बाई शाळेच्या पायऱ्या चढल्या, त्या हंगामी नेमणुकीवर.

सातवी ‘ब’ला तेव्हा तीन महिने गणिताला शिक्षकच नव्हता. चित्रकलेचे सर वेळ मारून नेत होते आणि मुलांना अपूर्णांकांऐवजी डोंगर येत होते. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे. मोठ्या बाई मुळात भाषेच्या शिक्षिका, शब्दाला पक्क्या, बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली. वर्गात तीस मुलं. सहावीच्या वार्षिक परीक्षेत गणितात पंचवीस पास होती, सहामाहीत पंधराच झाली. दुसऱ्या चाचणीत वर्ग होता तिथे परत आणा, नेमणूक कायम करते. नाही जमलं तर दोघींनी एकमेकींना दोष द्यायचा नाही. बाई हो म्हणाल्या. दुकानाच्या मालकांनी निरोपाच्या वेळी ‘‘जागा रिकामीच ठेवतो’’ असं म्हटलं होतं आणि ते प्रेमाने म्हटलं होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. त्या काउंटरच्या मागे परत उभं राहायचं नाही, एवढंच बाईंना हवं होतं.

बाई पोरांमागे हात धुऊन लागल्या. दुसरी चाचणी झाली. पेपर त्यांनीच तपासले, बेरजा तीन-तीनदा केल्या आणि आकडा काही हलेना. एकवीस पास, नऊ नापास. चार कमी. अहवाल कार्यालयातून मोठ्या बाईंपर्यंत जायला दोन आठवडे लागत, कारण तो कारकून भाऊसाहेबांच्या हातून जाई आणि भाऊसाहेब घाई हा शब्द अपशब्द मानत. तेवढे दोन आठवडे बाईंच्या हातात होते. नेमका पुढचा धडा होता शतमान वाढ आणि घट. जायचंच आहे तर हा एक धडा असा शिकवून जाऊ की पोरं जन्मात विसरणार नाहीत, असं बाईंनी ठरवलं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

त्यासाठी हवं होतं शाळेचं झेरॉक्स यंत्र, आणि ते भाऊसाहेबांच्या ताब्यात. त्यावर ते जाड कापडाचा अभ्रा घालत, किल्ली खिशात ठेवत आणि कोणी प्रत मागितली की आधी तिची गरज काय, यावर चर्चा करत. तीस पोरं यंत्राभोवती उभी करायची, हे ऐकून त्यांना ठसकाच लागला. पण यंत्रात खोड होती. गेले वर्षभर प्रत्येक प्रतीवर मधोमध एक काळी रेघ उमटे आणि शाळेची सगळी पत्रं कोणीतरी रागाने खोडल्यासारखी दिसत. बाईंनी नवऱ्याला बोलावलं. त्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या, अर्ध्या तासात रेघ घालवली आणि एक पैसा घेतला नाही. भाऊसाहेबांनी निमूटपणे किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या सरांनी काढलेला एक हत्ती यंत्रावर ठेवला, सोंडेपासून शेपटीपर्यंत बरोबर दहा सेंटिमीटर. एकशे एक्केचाळीसवर मोठा केला. आता याला परत होता तसा करा, बाई म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. पोरं एका सुरात ओरडली, एकोणसाठ. एकाने तोच आकडा दाबला. हत्ती बाहेर आला तो आठ सेंटिमीटरच्या जरा पुढे, वाळलेला. पोरं यंत्राला नावं ठेवू लागली. भाऊसाहेबांना ते लागलं, म्हणून ते स्वतः पट्टी घेऊन आले आणि त्यांनीही मोजलं. मग सगळ्यांनी मिळून यंत्र बिघडलंय असं ठरवलं.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे ‘पण’ म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होई. चाचणीत ती तीन गुणांनी नापास झाली होती. पेपर कधीच पुरा व्हायचा नाही, प्रत्येक प्रश्नापाशी तिला काहीतरी विचारायचं असे आणि परीक्षेत विचारायला कोणी नसे. ती दोन हत्ती शेजारी-शेजारी धरून बराच वेळ बघत होती.

‘‘पण बाई,’’ ती म्हणाली, ‘‘हे एक्केचाळीस टक्के कोणाचे? आधीचे छोट्या हत्तीचे होते. आत्ताचे तर मोठ्याचे काढले.’’

बाईंना त्या पोरीचा पापा घ्यावासा वाटला. पण त्यांनी फक्त खडू तिच्या हातात दिला. पुढचे दहा दिवस वर्गात दुसरं काही चाललं नाही. पोरं दिसेल त्याची वाढ-घट काढत सुटली: रोपाची उंची, फुगा फुगवल्यावरचा घेर, धुतल्यावर आटलेला मोजा. आणि दर वेळी कोणीतरी विचारी, शंभर कोणाला म्हणायचं ते आधी सांगा.

अहवालाची नक्कल शुक्रवारी दुपारी भाऊसाहेबांनी बाईंना दाखवली आणि झालं तुमचं काम म्हणाले. वरच्या कार्यालयाला आकडे चालत नसत, टक्केच लागत. त्यामुळे भाऊसाहेबांनी सगळ्यांचे टक्के केले होते आणि मूळ आकडे गाळले होते. सातवी ‘ब’, गणित: सहामाहीत घट चाळीस टक्के. दुसऱ्या चाचणीत वाढ चाळीस टक्के. शेरा, वर्ग पूर्ववत. खाली मोठ्या बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, नेमणूक कायम करण्यास हरकत नाही, सोमवारी सही.

बाईंनी तो कागद एकदा वाचला आणि मनातल्या मनात हिशेब केला. पंचवीसचे चाळीस टक्के दहा. पंधराचे चाळीस टक्के सहा. टक्के दोन्ही खरे होते. भाऊसाहेबांनी कुठेही लबाडी केली नव्हती, त्यांनी फक्त हत्ती बारीक केला होता. आणि मोठ्या बाईंना चाळीस खाली, चाळीस वर, फिटंफाट असं वाटलं होतं. आत्ता तोंड उघडलं तर नोकरी गेली. नाही उघडलं तर कोणालाही कधी कळणार नव्हतं. बाई मूग गिळून घरी आल्या.

घरी स्वयंपाकघरात सासूबाई वजनाच्या काट्यावर उभ्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी वर्षभरात ऐंशी किलोंतले दहा टक्के घटवले होते, आणि आता दहा टक्के परत चढले होते, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात गेली अशी त्यांची तक्रार होती. बाईंनी सवयीने सांगितलं की ऐंशीचे बहात्तर झाले, आणि बहात्तरात चढले सात किलो दोनशे ग्रॅम. आई, तुम्ही अजून आठशे ग्रॅमने हलक्या आहात. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्या दुसऱ्यांदा काट्यावर चढल्या. मग त्यांचं सुनेच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी सगळं काढून घेतलं.

त्यांचा सल्ला स्पष्ट होता. ‘‘हे बघ, तू खोटं बोलली नाहीस. चूक त्यांची. दैव देतंय तर कर्माने नेऊ नकोस.’’

नवऱ्याने नेहमीप्रमाणे मत दिलं नाही. तो बराच वेळ पान्याला तेल देत बसला, आणि शेवटी एवढंच म्हणाला की रेघ तशीच ठेवून वर नवा अभ्रा घालणारे मेकॅनिक त्याने पुष्कळ बघितलेत. बाई त्याच्यावर जरा चिडल्याच. दोन दिवस त्यांनी मनाशी घोकलं की सोमवारी सकाळीच जाऊन सांगायचं. सोमवारी सकाळी त्या मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेल्या, आत बघितलं आणि तशाच वर्गावर आल्या. हे त्यांना स्वतःचं अजिबात आवडलं नाही.

तिसऱ्या तासाला मोठ्या बाई स्वतःच अहवाल घेऊन वर्गात आल्या. मागे भाऊसाहेब. वर्गाचं कौतुक करायचं आणि तिथेच सही करायची असा बेत होता. बाईंना घातलेल्या अटीची गोष्ट, पंचवीस-पंधराच्या आकड्यांसकट, भाऊसाहेबांच्या कृपेने शाळेतल्या चिमण्यांनाही माहीत होती, त्यामुळे पोरं जागच्या जागी चुळबुळत होती. मोठ्या बाईंनी अहवाल वाचला. आपण चाळीस टक्क्यांनी घसरलो होतो, आता चाळीस टक्क्यांनी वर आलो, म्हणजे होतो तिथे परत आलो, बाईंची नेमणूक कायम. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पोरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण टाळी काही वाजली नाही. तीस डोकी एकदम खाली वाकली आणि बोटं बाकांवर काहीतरी लिहू लागली. बाईंना ते दिसलं, आणि बोटं काय लिहितायत तेही कळलं.

तिसऱ्या बाकावरून ‘पण’ उभी राहिली. तिला बोलायचं होतं आणि बोलायचंही नव्हतं. तिने आधी मोठ्या बाईंकडे बघितलं नाही, आपल्या बाईंकडे बघितलं.

बाईंनी नुसती मान हलवली असती तरी पोरगी खाली बसली असती. दोन दिवस जे तोंडातून निघालं नाही ते असं समोर उभं होतं, आणि तेही त्यांनीच शिकवलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंनी टेबलावरचा खडू उचलून तिच्यापुढे धरला.

‘‘बोल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फळ्यावर ये.’’

पोरीने लिहिलं. तिचं अक्षर वाईट होतं पण गणित स्वच्छ होतं. पंचवीस, त्याचे चाळीस टक्के दहा, उरले पंधरा. पंधराचे चाळीस टक्के सहा, झाले एकवीस. ‘‘पण मोठ्या बाई, घट पंचवीसची आहे आणि वाढ पंधराची,’’ ती म्हणाली. तिचा आवाज शेवटी इतका बारीक झाला की पुढच्यांनाच ऐकू आला. ‘‘आपण अजून परत आलो नाही.’’

भाऊसाहेब आढ्याकडे बघू लागले. मोठ्या बाईंनी फळा वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, मग पेनाला टोपण लावलं.

‘‘बाई, तुम्हाला हे माहीत होतं?’’

‘‘हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘एकवीस आहेत हे दोन आठवडे माहीत होतं. अहवाल शुक्रवारी बघितला. सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.’’

त्यांचा चेहरा तापला होता आणि तरीही त्यांना बरं वाटत होतं, जणू यंत्रातली रेघ गेली. मोठ्या बाई फळ्याकडेच बघत म्हणाल्या, ‘‘मी भाषेची बाई. असल्या टक्क्यांवर वीस वर्षं सह्या करतेय. आणि आज एका पोरीने सांगितलं.’’ मग सुस्कारा टाकला. ‘‘पण अट ती अट. चार कमी आहेत. आता काय करायचं?’’

हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता. पण फळ्यापाशी उभ्या असलेल्या मुलीला प्रश्न पडून राहिलेला बघवत नसे.

‘‘पण चारच हवेत ना?’’ ती म्हणाली. ‘‘आम्ही नऊ जण आहोत अजून.’’

मोठ्या बाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तू नापासांतली? पोरीने मान डोलावली. मागच्या बाकावरून एक हात वर आला. मग खिडकीपाशी दोन. आपण नापास झालो हे सांगायला एरवी कोणी हात वर करत नाही, पण एकेक करत बाकीचे आठही हात वर आले आणि वरच राहिले. वार्षिक परीक्षा पाच आठवड्यांवर होती. मोठ्या बाईंनी पेनाच्या टोकाने सगळे हात मोजले, फळ्यापाशी उभी असलेली नववी धरून.

त्या पुढच्या बाकावर, दोन मुलींना सरकवून, बसल्या. अहवालातली भाऊसाहेबांची ओळ खोडली आणि वर स्वतःच्या हाताने आकडे लिहिले: पंचवीस, पंधरा, एकवीस. मग खाली सावकाश एक वाक्य लिहिलं, भाषेच्या बाई असल्यामुळे एक शब्द बदलला, सही केली आणि कागद बाईंकडे फिरवला. ‘अट पूर्ण झालेली नाही. तरीही नेमणूक कायम केली आहे, कारण या वर्गाने माझी चूक काढली आणि ती मला समजली.’

बाईंना ते वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली. पोरांसमोर रडायचं नाही म्हणून त्या घाईने फळ्याकडे वळल्या, डस्टर उचललं आणि भराभर फळा पुसायला लागल्या.

‘‘अहो थांबा, पुसू नका,’’ मोठ्या बाई बाकावरून म्हणाल्या. ‘‘माझं अजून उतरवून व्हायचंय.’’